‘पुस्तकात असं नाही’

प्रिय ताई,

प्रश्न लहान वाटेल, पण गेले कित्येक महिने तो मनातून जात नाही. मी ‘व्हील ऑफ टाइम’ या फँटसी कादंबरीमालेचा वाचक आहे. पंधराव्या वर्षी पहिलं पुस्तक हाती लागलं, तेव्हा मालेतली दहा पुस्तकं आलेली होती. लेखक रॉबर्ट जॉर्डन 2007 मध्ये गेले, त्या दिवशी मी घरातलं कुणी गेल्यासारखा सुन्न होतो. शेवटचं, चौदावं पुस्तक 2013 मध्ये आलं. ते संपू नये म्हणून रोज थोडं थोडं वाचलं.

2021 मध्ये त्यावरची सीरिज आली. धाकटी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, तिने पुस्तकं वाचलेली नाहीत. दोघांनी मिळून बघायचं ठरवलं. पहिल्याच भागात पेरिन या पात्राला बायको दाखवली. मी पॉज केलं आणि म्हणालो, “पुस्तकात असं नाही.” त्यानंतर हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, सांगता येणार नाही. सुरुवातीला ती विचारायची, “मग पुस्तकात कसं आहे?” पुढे विचारेनाशी झाली. दुसरा सीझन तिने रात्री हेडफोन लावून एकटीने पाहिला. तिसऱ्याला माझ्यासाठी पुन्हा बसली. चौथ्या भागात, र्‍हुइडियन या प्राचीन शहरातल्या प्रसंगात, माझेच डोळे भरून आले. पण तिला दिसू नये म्हणून मी मोबाईलमध्ये डोकं घातलं.

मे 2025 मध्ये सीरिज बंद झाल्याची बातमी आली. मी तिला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, “बरं झालं, सुटलो एकदाचे.” तिचं उत्तर आलं नाही. रात्री पाणी प्यायला उठलो तर ती अंधारात मोइरेन या पात्राचा एक प्रसंग पुन्हा लावून बसली होती. रडत होती. मला बघून एवढंच म्हणाली, “तुझ्याकडे चौदा पुस्तकं आहेत. माझ्याकडे एवढंच होतं.”

आता आम्ही सगळं बोलतो, या विषयावर सोडून. मी चुकलो का? पुस्तकाशी इमान राखलं, ही चूक झाली का? आणि तिला आता पुस्तकं द्यावीत का?

– एक वाचक

*

प्रिय वाचक,

तुमच्या बहिणीचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. पण आधी मी तुमच्या बाजूने बोलणार आहे, कारण तुमची बाजू लंगडी नाही.

“टीव्हीवरची गोष्ट ती, एवढी काय मनाला लावून घ्यायची” असं तुम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं असेल. मी ऐकवणार नाही. पंधराव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत एकाच गोष्टीची वाट पाहत मोठं होणं ही साधी गोष्ट नव्हे. दोन पुस्तकांच्या मधल्या वर्षांत तुम्ही त्या माणसांना मनात वागवलंत, त्यांचे चेहरे स्वतः तयार केलेत. मग एक दिवस कुणीतरी येऊन सांगतं, पेरिन असा नाही, असा आहे, आणि त्याचं लग्नही झालेलं आहे. यावर माणूस चिडणारच. खुद्द ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टोल्किनची गोष्ट घ्या. 1958 मध्ये त्यांच्या कादंबरीवरच्या एका चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी एकेक जागा काढून त्यावर रागाने लिहिलं. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की मूळ गोष्टीचा गाभा कुठे आहे हे न कळल्यामुळे नको ते आत घुसडलं जातं. तो चित्रपट झालाच नाही. तेव्हा तुमचा राग वेडेपणा आहे असं मनात आणू नका.

पण ‘गाभा’ हा शब्द धरून ठेवा. कारण तुम्ही सोबत पाठवलेली तक्रारींची यादी मी वाचली, आणि त्यात सगळे बदल एकाच रांगेत उभे केलेत. एखादा पोशाख, एखादा वगळलेला प्रवास, मॅट या पात्राचं अचानक मागे राहणं, पेरिनची बायको, तिसऱ्या सीझनच्या शेवटचा तो मृत्यू (नाव घेत नाही, हे वाचणाऱ्या कुणाचं अजून पाहायचं राहिलं असेल). सगळ्यांपुढे तुमचा एकच शेरा: पुस्तकात असं नाही. खरं आहे, नाही. पण ते का नाही याची कारणं प्रत्येक ठिकाणी वेगळी आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय तुमचा राग योग्य माणसापर्यंत पोचणार नाही.

मॅटचंच बघा. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागाच्या शेवटी बाकीचे एका जादुई दारातून आत जातात आणि मॅट बाहेरच उभा राहतो. तुम्ही लिहिलंत, “पात्राचा खून केला.” मुळात झालं काय होतं? शूटिंग प्रागला चालू होतं. मार्च 2020 मध्ये करोनामुळे ते थांबलं. काम पुन्हा सुरू झालं तेव्हा मॅट करणारा अभिनेता बार्नी हॅरिस परत आला नाही. शेवटचे दोन भाग त्याच्याविना उभे करावे लागले, पटकथा नव्याने लिहावी लागली, वर साथीच्या काळातले निर्बंध. दुसऱ्या सीझनमध्ये डोनल फिन आला आणि पुष्कळ वाचकांना तिथे त्यांचा मॅट सापडला. पहिल्या सीझनचा शेवट विस्कटलेला आहे हे मलाही मान्य आहे. पण घर बांधता बांधता भिंत पडली तर गवंड्यावर पुस्तक न वाचल्याचा आळ घेता येत नाही.

मग लांबी. चौदा पुस्तकांत मिळून चाळीस लाखांहून जास्त शब्द आहेत. सगळी ऑडिओबुकं ऐकायला बसलं तर चारशे तासांहून जास्त लागतात. सीरिजला तीन सीझन मिळाले, प्रत्येकी आठ भाग, एक भाग साधारण तासाभराचा. म्हणजे एकूण चोवीस तासांच्या आसपास. एवढ्या वेळात ती गोष्ट चौथ्या पुस्तकापर्यंत पोचली. तुम्हाला आवडणारे कितीतरी प्रवास, मुक्काम, सरायांमधल्या रात्री गेल्या, कारण त्यांना जागाच नव्हती. याचं वाईट वाटणं साहजिक आहे, पण याला फसवणूक म्हणता येणार नाही.

आता पेरिनची बायको. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. पुस्तकात पेरिनला स्वतःच्या ताकदीची भीती वाटते. हातातली कुऱ्हाड टाकावी की ठेवावी हा झगडा त्याच्या डोक्यात पानोपानी चालू असतो. पडद्यावर डोक्याच्या आत शिरता येत नाही, म्हणून पटकथाकारांनी त्या भीतीला डोळ्यांना दिसेल असं कारण दिलं: हल्ल्याच्या गोंधळात त्याच्याच हातून बायको मरते. अडचण खरी होती, पण उत्तर चुकलं. इतक्या मोठ्या दुःखातून माणूस वर्षानुवर्षं बाहेर येत नाही, आणि सीरिजकडे ते दुःख सांभाळायला वेळ नव्हता. म्हणून ते मधूनमधून आठवतं आणि मधूनमधून विसरतं. जॉर्डन यांच्या मागे शेवटची तीन पुस्तकं पूर्ण करणारे ब्रँडन सँडरसन या सीरिजचे सल्लागारही होते, आणि हा बदल आपल्याला पटला नव्हता हे त्यांनी उघडपणे सांगितलं आहे. ही टीका तुमच्याइतकीच त्यांचीही आहे. फरक एवढाच की त्यांनी ती कुणाचा भाग मध्येच थांबवून केली नाही.

सँडरसन यांचं नाव आलंच आहे, तर तुम्हाला एक आठवण करून देते. जॉर्डन गेले तेव्हा गोष्ट अपुरी होती. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल, ज्या त्यांच्या संपादकही होत्या, त्यांनी सँडरसन यांना निवडलं. टिपणं होती, शेवटाचा काही भाग जॉर्डन यांनी स्वतः लिहून ठेवला होता, बाकीचं दुसऱ्या माणसाने लिहायचं होतं. 2009 मध्ये बारावं पुस्तक आलं, तेव्हा वाचकांमध्ये कुरबूर कशावरून झाली आठवतंय? मॅटवरूनच. हा आपला मॅट नाही, हा असं बोलत नाही, याचे विनोद वेगळे आहेत. सँडरसन यांनीही नंतर कबूल केलं की त्या पुस्तकात मॅट त्यांना नीट साधला नव्हता. तुम्ही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होतात. तुम्हीही चिडला असाल. पण तुम्ही त्यांना वेळ दिलात. एक माणूस दुसऱ्याची अपुरी राहिलेली गोष्ट पेलण्याचा प्रयत्न करतोय, हे तुम्हाला दिसलं, आणि पुढच्या दोन पुस्तकांत तुम्ही त्यांच्यासोबत गेलात. म्हणजे दुसऱ्याच्या हातून आलेला मॅट तुम्ही एकदा स्वीकारलेला आहे. ते मन तुमच्याकडे आहे. सीरिजच्या वाट्याला ते आलं नाही, याचं मला आश्चर्य वाटत नाही, फक्त त्याची नोंद घ्या.

चाहत्यांमध्ये एक समजुतीचं बोलणं आहे: ही गोष्टच फिरत्या चक्राची, युगं पुन्हा पुन्हा येतात, तर सीरिज म्हणजे चक्राचा वेगळा फेरा समजा. अनेकांना त्याने बरं वाटलं. मला ते पुरेसं वाटत नाही. त्याने चुकीची निवडही माफ होते आणि चांगल्या निवडीचं श्रेयही जातं. तुम्ही टीका करा, बारकाईने करा. माझं म्हणणं दुसरंच आहे.

तुमची चूक मतात झालेली नाही, ती वेळेत झाली. तुम्ही तिच्या पहिल्या वेळेत बोललात.

हे मी वरून सांगत नाही, मी स्वतः हे केलेलं आहे. जून 2013 मधली गोष्ट. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या तिसऱ्या सीझनचा नववा भाग, तो लग्नाचा. ज्या पुस्तकात तो प्रसंग आहे ते 2000 सालचं, मी ते वाचलेलं होतं. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने वाचलेलं नव्हतं. ती पायांची घडी घालून, उशी पोटाशी धरून बसली होती. मी पडद्याकडे बघतच नव्हते, तिच्याकडे बघत होते. मेजवानी चालली होती, ती हसत होती, सगळं आता निवळलं म्हणून तिचे खांदे सैल झाले होते. मग दालनाचं दार बंद होतं, वादक सूर बदलतात. त्या क्षणी माझ्या तोंडून दोनच शब्द गेले: “आता बघ.”

आणि ती माझ्याकडे वळली. पडद्याकडे नाही, माझ्याकडे. मी काय म्हणतेय ते बघायला. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत जे कळायला हवं होतं ते तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. पुढची सगळी कत्तल तिने पाहिली, पण आधीच अंग आवळून. भाग संपल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू माझ्याकडे का बघत होतीस?” मला उत्तर देता आलं नाही. खरं उत्तर हे की पुस्तक वाचताना मला बसलेला धक्का मला पुन्हा अनुभवता येत नव्हता, म्हणून मी तिचा घ्यायला निघाले होते. त्या काळात अनेकांनी तो भाग पाहणाऱ्या मित्रांचे, नातेवाइकांचे व्हिडिओ काढले. त्यांच्यामागे वाईट हेतू नव्हता, माझाही नव्हता. आपण जिथून गेलो तिथून दुसरं कुणी जाताना बघायची ओढच तशी असते. पण तिची पहिली वेळ गेली ती गेली.

तुमची ओढही तीच होती असं मला वाटतं. “पुस्तकात असं नाही” म्हणताना तुम्ही तिला काय सांगत होतात? मला काय मिळालं होतं ते तुला मिळत नाहीये, आणि ते तुला मिळावं असं मला फार वाटतं. हे प्रेम आहे. पण तिच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: तू जे बघून हरखली आहेस ते नकली आहे. पहिल्या वर्षी ती विचारत होती, “मग पुस्तकात कसं आहे?” तो प्रश्न फार मोलाचा होता. तेव्हा तुम्ही बसून एखादी रात्र गोष्ट सांगितली असतीत, तर कदाचित दुसऱ्या सीझनच्या आधी तिने पहिलं पुस्तक मागून घेतलं असतं. त्याऐवजी तिने हेडफोन घेतले.

तिला गोष्ट कळत नाही, ती फक्त रंगसंगतीवर आणि दागिन्यांवर भुलली, असा सूर तुमच्या यादीत एक-दोन ठिकाणी आहे. तो काढून टाका. पुस्तक न वाचलेला प्रेक्षक कच्चा नसतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटचा काळ आठवा. सीरिज एप्रिल 2011 मध्ये सुरू झाली, पाचवं पुस्तक त्याच वर्षी जुलैमध्ये आलं, आणि सहावं सीरिज संपेपर्यंत आलंच नाही. पुढे सीरिज पुस्तकांच्याही पलीकडे गेली. मे 2019 मध्ये ती संपली तेव्हा तुलना करायला कुणाच्याही हातात पुस्तक नव्हतं. तरी आठवा सीझन पुन्हा बनवा म्हणणाऱ्या अर्जावर पंधरा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मला स्वतःला ती मागणी पटली नव्हती, केलेलं काम पुसून पुन्हा करा म्हणणं मला कधीच पटत नाही. पण त्यामागची तक्रार बघा. पात्रं आपल्याच स्वभावाला सोडून वागली, महिन्यांचे प्रवास क्षणात उरकले, जे सात सीझन पेरलं ते घाईने कापलं. ही तक्रार करायला पुस्तक लागत नाही, गोष्ट मन लावून पाहिलेली असावी लागते. तुमच्या बहिणीने मन लावून पाहिलं आहे. पेरिनच्या दुःखाचं सीरिजने पुढे काय केलं, हे तिला विचारा. तुम्ही जे पुस्तकाच्या आधाराने म्हणता, तेच ती कदाचित निव्वळ पडद्याच्या आधाराने म्हणेल, आणि तुमच्याहून नेमकं म्हणेल.

आता “बरं झालं, सुटलो एकदाचे” याबद्दल.

तुम्हाला त्या दिवशी आनंद झाला, कारण तुम्हाला वाटलं तुमचं म्हणणं खरं ठरलं. तसं काही ठरलेलं नाही. तिसरा सीझन एप्रिल 2025 मध्ये संपला, त्यानंतर सव्वा महिन्यात निर्णय आला, आणि बातम्यांमध्ये कारण आलं ते पैशाचं: एवढ्या मोठ्या खर्चाच्या मानाने पाहणाऱ्यांची संख्या पुरली नाही. सीरिज पुस्तकाशी इमान राखत नाही म्हणून कुणी ती बंद केली नाही. उलट दुःखाची गोष्ट अशी की ती बंद झाली ते तिसऱ्या सीझननंतर, जो तिन्हींत सर्वांत चांगला होता. पहिल्या सीझनला नावं ठेवणारे कितीतरी वाचक तोवर परत आले होते. ते परत आले त्यात चौथ्या भागाचा वाटा मोठा होता. ज्या भागात तुम्ही मोबाईल बघत होतात, त्याच.

त्या भागाबद्दल थोडं बोलते, कारण मला तो फार आवडतो. गोष्टीचा नायक रँड र्हुइडियनमधल्या काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि प्रत्येक पावलाला एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनी मागचा काळ बघतो. पुस्तकात आपण पूर्वजाच्या आतच असतो, त्यामुळे चेहऱ्याचा प्रश्न येत नाही. पडद्यावर त्यांनी काय केलं? सगळे पूर्वज रँड करणाऱ्या जोशा स्ट्राडोव्स्कीलाच करायला दिले. वेगळं वय, वेगळे केस, वेगळी चालण्याची ढब, आणि डोळे तेच. पाठीमागे पाठीमागे जात राहतो आपण, आणि आज भाला घेऊन जगणारे लोक एकेकाळी शस्त्राला हातही लावत नव्हते हे समोर उलगडतं. वारसा म्हणजे काय ते एका चेहऱ्यावर दिसतं. हे पुस्तकात नाही. असं पुस्तकात असूच शकत नाही. तिथे “पुस्तकात असं नाही” हे वाक्य कौतुकाचं झालं असतं, आणि तुमच्या डोळ्यांतलं पाणी तेच म्हणत होतं. तुम्ही ते लपवलंत. इतकी वर्षं नाराजी मोठ्याने सांगितलीत आणि आनंद खिशात ठेवलात. ती रडली त्या रात्रीपेक्षा मला तुमच्या पत्रात हीच जागा जास्त लागली.

आणखी एक बाब थोडक्यात. तुम्ही लिहिलंत की तुमची टीका पात्रांच्या वर्णावरून गरळ ओकणाऱ्यांसोबत मोजली गेली आणि त्याचा तुम्हाला त्रास झाला. समजू शकते. 2022 मध्ये टोल्किनच्या जगावरची ‘रिंग्ज ऑफ पॉवर’ ही सीरिज आली तेव्हा कृष्णवर्णी कलाकारांवर फार विखार ओतला गेला, आणि अॅमेझॉनने प्रेक्षकांची परीक्षणं तब्बल 72 तास रोखून धरली. त्यात प्रामाणिक टीकाही अडकली. पण वर्णाबद्दल बोलायचं तरी किती जबाबदारीने बोलता येतं याचं उदाहरण लेखिका अर्सुला ले ग्विन यांचं आहे. त्यांच्या ‘अर्थसी’ कादंबऱ्यांवर 2004 मध्ये टीव्हीसाठी मालिका झाली. त्यांचा नायक तांबूस-तपकिरी वर्णाचा, मालिकेने तो गोरा करून टाकला. त्यांनी जाहीर लेख लिहून सांगितलं की हा वर्ण त्यांनी विचारपूर्वक निवडला होता आणि तो पुसल्याने गोष्टीतलं काय गेलं. काय बदललं, ते का महत्त्वाचं होतं, ते गेल्याने काय हरवलं. तुमची टीका या तीन प्रश्नांची उत्तरं देत असेल तर ती कुणाच्या गर्दीत मिसळणार नाही. तुमच्या यादीतल्या बऱ्याच ओळी पहिल्याच प्रश्नावर थांबतात.

तर आता काय करायचं.

आधी तिच्याकडे जा आणि त्या मेसेजबद्दल माफी मागा. फक्त मेसेजबद्दल. “पण पुस्तकं खरंच जास्त चांगली आहेत” हे शेपूट लावू नका, नाहीतर तिला माफी ऐकूच येणार नाही. मग तिला चौथ्या भागाबद्दल सांगा. मोबाईलमध्ये डोकं का घातलं होतं ते सांगा. तिला जमणार असेल तर तो भाग पुन्हा सोबत बघा, आणि यावेळी रिमोट तिच्या हातात असू द्या. तुम्हाला काही बोलावंसं वाटलंच तर भाग संपेपर्यंत थांबा. पाटी कोरी नसेल, अवघडलेपणा असेल. तिनेही काही टोचून बोललं तर ऐकून घ्या, चार वर्षं तिने ऐकलं आहे.

पुस्तकं द्यायची का? द्या, पण लगेच नको आणि गठ्ठ्याने तर नकोच. चौदा पुस्तकं एकदम समोर ठेवणं म्हणजे परीक्षेला बसवणं झालं. “आता खरी गोष्ट वाच” असंही म्हणू नका, कारण तिने पाहिली ती खोटी नव्हती. तिने मागितलं तर पहिलं पुस्तक द्या. मध्येच, जिथे सीरिज थांबली तिथून, म्हणजे पाचव्यापासून सुरू करावं का असं ती विचारेल. माझं मत नाही असं आहे. पाचव्या पुस्तकातली माणसं तिच्या ओळखीची वाटतील, पण त्यांचा भूतकाळ वेगळा असेल, मेलेली माणसं जिवंत असतील, आणि पावलोपावली तिला तुम्हाला विचारावं लागेल. पुन्हा तुम्ही सांगणारे, ती ऐकणारी. पहिल्यापासून वाचलं तर ती स्वतः शोधेल. तिच्या डोळ्यांसमोर मोइरेन म्हणून रोझमंड पाइकच येईल. येऊ द्या. तुमची मोइरेन तुमच्या डोक्यात आहे, ती कुणी बदललेली नाही.

ती वाचत असताना कुठवर आलीस म्हणून विचारू नका. कंटाळून तिसऱ्या पुस्तकात सोडलं तरी बोलू नका. सातव्या-आठव्यापासून गोष्ट मंदावते हे तुम्हा वाचकांचंच जुनं गाऱ्हाणं आहे, दहाव्याबद्दल तुम्ही स्वतः तेव्हा काय म्हणाला होतात ते आठवा. आणि कदाचित ती हातच लावणार नाही. चोवीस भाग तिला पुरेसे असतील, जसे आहेत तसे, अर्धवट. तेही तिचं आहे.

पण तिने वाचायला घेतलंच, तर एक सांभाळा. चौदाही पुस्तकांत पहिलं प्रकरण कशाने सुरू होतं ते तुम्हाला पाठ असणार: कुठेतरी वारा सुटतो आणि वाहत वाहत आपल्याला माणसांपर्यंत घेऊन जातो. पहिल्या पुस्तकात तिच्या ते लक्षात येणार नाही. दुसरं उघडेल तेव्हा ती थबकेल, कदाचित उठून पहिलं पुन्हा काढून बघेल, आणि मग बहुधा तुमच्या खोलीच्या दारात येईल. तोवर वाऱ्याबद्दल तिला काही सांगू नका.

– तुमची ताई